विमलकाकूंचा पी.पी. नंबर

विमलकाकूंनी माझं पहिलंच बोलणं मध्ये तोडलं. त्यांच्या मुलीकडे, म्हणजे वर्षाकडे, आम्ही पहिल्यांदा चहाला गेलो होतो. अमेरिकेतल्या आमच्या या आडगावात मराठी घरं दोनच, एक डॉक्टर वर्षाचं आणि एक आमचं. त्यामुळे ओळख होणं अटळ होतं. प्लेनोसारख्या मोठ्या शहरातलं सगळं बस्तान सोडून आम्ही इथे का आलो, बायकोला इथल्या छोट्या कॉलेजात नोकरी कशी लागली, आणि मी घरूनच काम करायची परवानगी साहेबाकडून कशी काढली, हे मी रंगात येऊन सांगत होतो. समोर सुती साडीवर मुलीचा जुना स्वेटर चढवलेल्या एक बाई विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया थांबवल्या नाहीत की मान वर केली नाही. फार गोड आवाजात त्या म्हणाल्या, "तीन मिनिटं झाली. पुढे चालू ठेवायचंय?"

मी गारच पडलो. वर्षा कपाळाला हात लावून म्हणाली, "सॉरी हं मिलिंद, आई ट्रंक ऑपरेटर होती. ती सगळ्यांनाच कट करते." बायकोला मात्र त्या क्षणापासून काकू अतिशय आवडल्या. लग्नाला पंधरा वर्षं होऊनही तिला जे जमलं नव्हतं ते काकूंनी एका वाक्यात करून दाखवलं होतं.

ज्यांनी ट्रंक कॉल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एके काळी परगावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवायचा आणि घरात वाट बघत बसायचं. ऑपरेटर लाइन जोडून द्यायची, आणि तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन सांगायची. साताऱ्याच्या एक्स्चेंजमध्ये ती मध्ये येणारी बाई म्हणजे विमलकाकू. अनेक वर्षं डोक्याला हेडफोन लावून त्यांनी जिल्ह्याची जन्म-मरणं, सोयरिकी आणि भांडणं तीन-तीन मिनिटांत बसवली. घड्याळ न बघता त्यांना तीन मिनिटं कळायची. वर्षाच्या स्वयंपाकघरात अंडी उकडताना कोणी टायमर लावला तर त्यांना तो स्वतःचा अपमान वाटे.

कॉलचे तेव्हा तीन प्रकार असत, ऑर्डिनरी, अर्जंट आणि सगळ्यांच्या आधी जोडायचा तो लाइटनिंग. काकूंनी सगळ्या जगाची वाटणी त्याच तीन खणांत केली होती. जावयाने "जेवायला वाढा" म्हटलं की त्या विचारत, "ऑर्डिनरी की अर्जंट?" माझी पोरगी गुडघा फोडून रडत आली तेव्हा त्यांनी जखमेकडे पाहून "ऑर्डिनरी" असा निकाल दिला आणि हळद लावली. पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, व्हॉट इज ऑर्डिनरी? इट्स ब्लीडिंग!" लाइटनिंग हा शब्द मात्र त्या जपून वापरत. मी तो त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला, आणि तो आक्कांच्या बाबतीत होता.

आक्का म्हणजे काकूंची थोरली बहीण. वाईला मुलाकडे राहायची. उतारवयात आक्कांचे कान पार गेले. यंत्र लावून झालं, बदलून झालं, शेवटी कपाटात गेलं. घरातली माणसं त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलत. पण काकूंचे ओठ आक्का वाचायच्या. लहानपणी एका पांघरुणात झोपून, आईला ऐकू जाऊ नये म्हणून दोघी नुसते ओठ हलवून गप्पा मारत, तीच विद्या म्हातारपणी कामाला आली. टॅबलेटच्या पडद्यासमोर बसून काकू आवाज न काढता, तोंड भलंमोठं उघडून बोलत. मी एकदा विचारलं, "काकू, जरासा आवाज काढायला काय हरकत आहे?" त्या म्हणाल्या, "तिला नकोय तो. मग फुकट कशाला घालवायचा? जन्मभर आवाजाची नोकरी केली, आता रजा."

अडचण अशी होती की वर्षाच्या घरी इंटरनेट जवळजवळ नव्हतं. मिल रोड नावाचा रस्ता गावाबाहेर टेकडीच्या पोटात शिरतो आणि जिथे संपतो तिथे तिचं घर. मोबाइलला सिग्नलची एखादी काडी यायची, तीही लाजत. छपरावर डिश लावून पाहिली, तर आभाळाच्या आणि डिशच्या मध्ये ओकची झाडं. चित्र यायचं आणि अडकायचं. काकूंचं तोंड उघडं राहिलेलं दिसायचं आणि वाईला आक्का ओरडायच्या, "विमल, आ करून काय बसलीस? दात दुखतोय का?" नुसत्या आवाजाचा फोन लागायचा, पण बहिऱ्या बहिणीला त्याचा काय उपयोग?

आता इथे मला माझी नोकरी सांगणं भाग आहे. मी त्याच इंटरनेट कंपनीत नेटवर्क प्लॅनर होतो जिची लाइन मिल रोडवर अर्ध्यात थांबली होती. लाइन कुठे न्यायची आणि कुठे थांबवायची याचे नकाशे करणं हे माझं काम. काकूंना हे कळलं तेव्हा त्या वॉकिंग शूज घालून निघाल्या, रस्त्यावरचे खांब मोजून आल्या आणि मला म्हणाल्या, "अकरा. तुझी लाइन आमच्या घरापासून अकरा खांब लांब आहे. पुढच्या खांबाला काय झालं होतं?"

मी त्यांना घरांची घनता, परतावा वगैरे समजावून सांगितलं. मग लॅपटॉप उघडून आमचा नकाशा दाखवला. त्यात मिल रोड शेवटपर्यंत निळा होता. निळा म्हणजे सेवा पोहोचलेली. नियमच असा होता की त्या पट्ट्यात एका घराला लाइन असली की सगळा पट्टा निळा रंगवायचा. "नकाशावर तुमच्याकडे इंटरनेट आहे, काकू," मी हसत म्हणालो. काकू हसल्या नाहीत. "मग नकाशावरच बोलू का आक्काशी?" त्या म्हणाल्या. माझा चहा त्या दिवशी गारच झाला.

याहून मोठी गंमत पुढेच होती. आमच्या गावाला वीज नगरपालिकेचीच. म्हणजे खांब पालिकेचे, तारा पालिकेच्या आणि बिलही पालिकेचं. मीटर वाचायला आणि पंप चालवायला पालिकेने स्वतःची फायबरची लाइन सगळीकडे फिरवली होती, आणि ती वर्षाच्या दारासमोरच्या खांबावरून रस्त्यापलीकडच्या पाण्याच्या पंपघरात गेली होती. काकू ती रोज खिडकीतून बघायच्या. त्यांनी थेट नगराध्यक्षांना गाठलं. नगराध्यक्षा लोरेटाबाई आधी शाळेची बस चालवायच्या, अजूनही बोलताना समोरचा मागच्या बाकावर बसलाय असंच धरून बोलतात. त्या म्हणाल्या, "हनी, आय वुड लव्ह टु. द स्टेट वोन्ट लेट मी." राज्याचा कायदा होता. नगरपालिकांनी नागरिकांना इंटरनेट विकायचं नाही, तो धंदा कंपन्यांचा.

काकूंना हे पटायला आठवडा लागला. "म्हणजे कंपनी देत नाही, आणि नगरपालिकेने दिलं तर गुन्हा?" त्यांनी मला चार वेळा, चार प्रकारे विचारलं. मी चारही वेळा हो म्हणालो. "समोरच्या खांबावरून लाइन गेलीय आणि मला डायल टोन नाही. हे आमच्या खात्यातसुद्धा झालं नव्हतं रे," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खात्यात काय काय होत असे याची मला थोडीफार कल्पना होती.

मधल्या काळात वर्षा त्यांना सकाळी हॉस्पिटलला जाता जाता गावातल्या लायब्ररीपाशी सोडायची. मी आमच्या घरी बोलावलं होतं, पण तुमच्या सकाळच्या धांदलीत रोज नको, म्हणाल्या. लायब्ररी पालिकेची, तिथलं वाय-फाय फुकट. पण ती उघडायची दहाला, आणि आक्कांना आठच सोयीचे. इकडची सकाळ म्हणजे वाईला दिवेलागण. दहापर्यंत तिकडे आक्का जेवून, गोळ्या घेऊन आडव्या झालेल्या असायच्या. मग काकू लायब्ररीच्या बंद दाराबाहेर बाकावर, कानटोपी घालून, भिंतीतून झिरपेल तेवढं वाय-फाय घेत बसत आणि तोंड उघडून बहिणीशी बोलत. जाणारे-येणारे थबकत. एकदा एका भल्या गृहस्थाने त्या गुदमरताहेत असं समजून मागून येऊन त्यांची पाठ थोपटली. काकूंनी त्याला त्यांच्या खास एक्स्चेंजच्या इंग्रजीत सांगितलं, "प्लीज डू नॉट डिस्टर्ब. पार्टी इज ऑन द लाइन." आक्कांना त्या सांगत, "मी पी.पी. वरून बोलतेय गं."

पी.पी. नंबर म्हणजे आपला नसलेला, पण आपला म्हणून दिलेला फोन नंबर. पत्रिकेवर, लेटरहेडवर, मुलीच्या स्थळाच्या टिपणावर नंबर लिहायचा आणि पुढे पी.पी. टाकायचं. फोन शेजारच्यांचा असायचा. त्यांनी हाक मारली की आपण ओल्या हाताने पळत जायचं. आमच्या नागपूरच्या घरीही बारा वर्षं असाच नंबर होता. शेजारच्या वकिलांच्या बैठकीत उभा राहून मी बारावीचा निकाल ऐकला होता, आणि माझ्याआधी तो त्यांच्या सगळ्या पक्षकारांना कळला होता.

त्या हिवाळ्यात काकूंना बाकावर बसून न्यूमोनिया झाला. वर्षाने त्यांचं बाहेर जाणं बंद केलं. चार आठवडे काकूंनी आक्कांना पाहिलं नाही. वाईहून भाच्याचा निरोप आला, की आई रोज पडद्यासमोर बसते आणि विचारते, विमल माझ्यावर रागावली का? त्या दिवशी मी काकूंना भेटायला गेलो होतो. त्या अंथरुणात उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मिलिंदा, हे लाइटनिंग आहे."

नेमकं त्यानंतरच्या वसंतात तो कायदा उठवण्याचं विधेयक राजधानीत समितीपुढे आलं. सुनावणीत कोणीही नागरिक बोलू शकतो. लोरेटाबाई जाणार होत्या, काकूंनीही नाव नोंदवलं. आणि माझ्या साहेबांनी मला कळवलं की कंपनीच्या बाजूने तांत्रिक माहिती द्यायला मी नकाशे घेऊन हजर राहावं. वर्षाला ड्यूटी, लोरेटाबाईंचा पिकअप गॅरेजमध्ये, आणि राजधानी तीन तासांवर. थोडक्यात, कंपनीच्या तज्ज्ञाने कंपनीच्या विरोधकांना स्वतःच्या गाडीतून नेलं. काकूंनी वाटेसाठी थालीपीठं आणि लोणी घेतलं होतं. लोरेटाबाईंनी तीन खाल्ली आणि हे कायदेशीर आहे का असं विचारलं.

वाटेत मी कंपनीची बाजू मांडून पाहिली. खोटी नव्हती ती. पालिकेने लोकांच्या पैशावर धंदा काढला आणि तो बुडाला तर भुर्दंड लोकांनाच, आणि सरकारशी स्पर्धा करायची कोणी? शेवटी मी हुकमाचं पान काढलं. "काकू, तुमचं खातं सरकारीच होतं ना? आमच्या बाबांनी फोनसाठी नंबर लावला तेव्हा मी बालवाडीत होतो. फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो."

काकूंनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी जिंकलो असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "खरंय. आम्ही लोकांना फार रखडवलं. मी स्वतः १९८ वर होते शेवटी, तक्रारीच्या नंबरवर. शिव्या ऐकल्यात. पण तुझ्या बाबांचा नंबर तरी लागलेला होता. तुझ्या कंपनीच्या रांगेत मी कितवी आहे?" मी गाडी चालवण्यात लक्ष घातलं. त्या रांगेत त्या नव्हत्याच. त्या निळ्या होत्या.

समितीच्या दालनात बोलणाऱ्यापुढे एक छोटा दिवा होता. हिरवा, पिवळा, मग लाल. प्रत्येकाला वेळ किती, तर तीन मिनिटं. हे काकूंना तिथे गेल्यावर कळलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर माहेरी आल्यासारखा भाव आला. आधी कंपन्यांच्या संघटनेचे वकील उठले. उंची सूट, छान आवाज. मुद्दे नीट होते, पण लाल दिवा लागला तरी गृहस्थ थांबेनात. अध्यक्षही काही बोलेनात; दोघांची ओळख असावी. आणखी एक मुद्दा, मग शेवटचा मुद्दा, मग शेवटच्या मुद्द्याचं उदाहरण. तेवढ्यात मागच्या रांगेतून, मोठ्याने नाही पण सगळ्या दालनात पोहोचेल असा, गोड, लोण्यासारखा आवाज आला. "थ्री मिनिट्स ओव्हर, प्लीज. एक्स्टेंड ऑर डिस्कनेक्ट?"

वकीलसाहेबांचं तोंड उघडं राहिलं. त्या आवाजात असं काही होतं की त्याला उत्तर द्यावंच लागायचं. सबंध सातारा जिल्हा देत असे. ते चाचरत म्हणाले, "आय... डिस्कनेक्ट, आय गेस." आणि खरोखरच खाली बसले. दालन हसत सुटलं. अध्यक्षांनी हातोडा आपटला, पण तेही हसत होते.

काकूंची पाळी आली तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. त्यांचं इंग्रजी एक्स्चेंजचं, मोजून पन्नास वाक्यांचं. त्यात जे बसलं ते त्या बोलल्या. "माय सिस्टर इज डेफ. टेलिफोन इज नो यूज. शी सीज माय माउथ. पिक्चर स्टॉप्स, माय माउथ स्टॉप्स. मी थर्टी इयर्स लोकांना जोडून दिलं, सर," इथे त्यांचं मराठी मध्ये आलं आणि त्यांना ते कळलंही नाही, "नाऊ आय अॅम ऑपरेटर अँड आय हॅव नो लाइन. लाइन इज ऑन द पोल. आय कॅन सी इट फ्रॉम किचन." मग थोडं थांबून, "थँक यू. डिस्कनेक्टिंग." आणि लाल दिवा लागला.

अध्यक्षांनी विचारलं की कंपनीची लाइन त्या भागात आहे की नाही, याचं उत्तर कोण देईल? तिथे आलेले माझे साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी नकाशा घेऊन उठलो. "नकाशावर आहे," मी म्हणालो. "आणि प्रत्यक्षात?" माझ्या हातात तो निळा कागद होता, आणि मागे काकू विणकाम मांडीत घेऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. बघितलं असतं तर कदाचित मी काहीतरी गोलमाल बोललो असतो. मी म्हणालो, "अकरा खांब लांब." साहेबांनी डोळे मिटून घेतले.

विधेयक एका मताने पुढच्या अधिवेशनावर ढकललं गेलं. पुढचं अधिवेशन म्हणजे वर्ष-दीड वर्ष. आम्ही परतीच्या वाटेला लागलो. तासाभराने काकू स्वतःशीच म्हणाल्या, "पुन्हा पी.पी." मागच्या सीटवरून लोरेटाबाईंनी विचारलं, हे पी पी काय आहे? मग काकूंनी माझ्याकडून इंग्रजी शब्द मागत मागत त्यांना सगळं सांगितलं. फोन एकाचा, पण अख्ख्या आळीचा. तो वापरायला कोणी पैसे घेत नसे. विकत काही नव्हतंच, नुसतं शेजाऱ्याने दार उघडं ठेवायचं.

लोरेटाबाईंनी उरलेल्या थालीपीठाचा तुकडा मोडला. मग म्हणाल्या, "दॅट पंप हाऊस अक्रॉस युवर रोड. दॅट्स माइन."

कायदा म्हणत होता, पालिकेने इंटरनेट विकायचं नाही. पालिकेने स्वतःच्या इमारतीत ते वापरू नये असं कुठेच म्हटलं नव्हतं, आणि पालिकेच्या लायब्ररीत तर ते लोकांना फुकट मिळतच होतं. महिन्याभरात पंपघराच्या रिकाम्या खोलीला रंग लागला, आत दोन खुर्च्या, एक हीटर आणि एक टेबल आलं, आणि बाहेर पाटी लागली: सार्वजनिक वाचनालय, मिल रोड शाखा. त्याखाली काकूंनी स्वतः खडूने लिहिलं, पी.पी.

आमच्या कंपनीला अर्थातच संशय आला. वकिलांचं पत्र गेलं, की हे खरंच वाचनालय आहे का, तिथे पुस्तकं आहेत का? तपासणीला जवळचा माणूस म्हणून पाठवलं मला. राजधानीच्या प्रकारानंतर ती शिक्षाच असावी. मी गेलो तर फळीवर तीन पुस्तकं होती. एक विणकामाचं, एक बायबल, आणि काकूंनी साताऱ्याहून येताना बॅगेत घालून आणलेली जिल्ह्याची जुनी टेलिफोन डिरेक्टरी. "ही कशाला, काकू?" मी विचारलं. "यातल्या निम्म्या लोकांना मी आवाजाने ओळखते," त्या म्हणाल्या, "वाचायला घेतलं की वेळ छान जातो." मी अहवालात लिहिलं की ग्रंथसंग्रह छोटा असला तरी त्यात संदर्भग्रंथांचा समावेश आहे. प्रकरण तिथे मिटलं.

मग पंपघरात राज्य सुरू झालं काकूंचं. मिल रोडवरचे सगळे तिथे यायला लागले. गाई पाळणारा म्हातारा वॉल्ट आपल्या डॉक्टरशी बोलायला यायचा, पोरं गृहपाठाला यायची. खुर्च्या दोनच, त्यामुळे काकू दारात विणत बसून लाइन सांभाळत. येणाऱ्याला विचारत, "ऑर्डिनरी की अर्जंट?" वॉल्टच्या छातीत दुखत असलं तरी तो बिचारा ऑर्डिनरी म्हणायचा. गर्दी असली की ठरावीक वेळाने तो आवाज यायचा आणि अमेरिकन पोरं मुकाट्याने उठायची. पण सकाळी आठला कोणी फिरकत नसे. ती वेळ आक्कांची होती. चित्र काचेसारखं स्वच्छ. आक्का तिकडून जोरजोरात बोलायच्या, काकू इकडून नुसतं तोंड हलवायच्या, आणि मागे पालिकेचा पंप घरघरत असायचा. सुमारे दोन वर्षं एकही सकाळ चुकली नाही. तिथे मात्र काकू तीन मिनिटं मोजत नसत. एकदा मी पाऊण तास दाराबाहेर थांबलो होतो. मी चेष्टेने घड्याळ दाखवलं तर म्हणाल्या, "स्टाफ कॉल आहे रे. त्याला मर्यादा नसते."

मागच्या शरद ऋतूत काकू गेल्या. दुपारी जेवून खुर्चीत बसल्या, हातात सुया तशाच, आणि गेल्या. वर्षाने मला बोलावलं. तिने वाईला फोन लावला, तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली. मावसभाऊ खूप रडला. मग म्हणाला, "आई झोपलीय. उद्या संध्याकाळी ती पडद्यासमोर बसेलच. मला पाटीवर हे लिहवणार नाही गं. खडूच उचलणार नाही." वर्षाने माझ्याकडे पाहिलं. तिलाही ते जमण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पंपघरात काकूंच्या खुर्चीत बसलो. पडद्यावर आक्का आल्या. केस नीट विंचरलेले, खांद्यावर शाल. मला बघून त्यांनी भुवया उंचावल्या. "विमल कुठाय?" त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या. अकरा खांब अलीकडे लाइन थांबवणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की चित्र अडकावं. थोडा वेळ तरी. पण पालिकेची लाइन होती, चित्र हललंसुद्धा नाही. आक्कांच्या कपाळावरची आठीन् आठी दिसत होती.

मी बोलायला गेलो तर माझा आवाज फुटेना. आणि मग लक्षात आलं, की आक्कांना आवाज नकोच आहे. मी काकूंसारखं तोंड मोठं उघडलं आणि नुसते ओठ हलवले. विमलकाकू गेल्या.

"गेली? कुठे गेली?" आक्का म्हणाल्या.

मी पुन्हा ओठ हलवले, अगदी सावकाश. आक्का पडद्याच्या जवळ आल्या, माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि मग त्यांना वाचता आलं. त्या मागे टेकल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांचे ओठ हलायला लागले, आवाज न काढता, भरभर. मला ते वाचता येत नव्हतं. ते माझ्यासाठी नव्हतंही.

मी तिथे बसून राहिलो. मागे पंप चालू होता. तीन मिनिटं कधीच होऊन गेली होती, आणि मी लाइन धरून ठेवली.